तुझ्याच बाजूनं तुटतंय

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

काल फोनवर "ताई, तुझ्याच बाजूनं तुटतंय" म्हणालीस आणि ठेवूनच दिलास. मग उठले आणि कागद काढला. मेसेजवर तर तू नुसता अंगठा पाठवतेस. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई आणि या वयात अंगठेबहाद्दर! बोर्डिंगात दर रविवारी मदर आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायच्या, तेव्हा तू "मी मजेत आहे, ताईही मजेत आहे" एवढं लिहून पेन्सिल चावत बसायचीस. आता तसलं चालणार नाही. सविस्तर लिही.

इथे परदेशात मला मिळालेली खोली वरच्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीणबाई एकट्या राहतात. घराची पुढची भिंत एका वेलीनं झाकली आहे, पण सध्या तिला एकही पान नाही. सकाळी धुकं असतं तेव्हा खिडकीतून बघितलं की घर कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो तेच कळत नाही. मी चहाचा कप घेऊन तिथेच उभी राहते.

संग्रहालयातली माझी रफूकामाची खोली मागच्या बाजूला आहे. टेबल एवढं मोठं की आपल्या दोघींच्या खाटा त्यावर मावतील. त्यावर सध्या एक जुना रेशमी पडदा पसरला आहे. सगळ्या पडद्यावर पक्षी भरलेले आहेत आणि त्यातले निम्मे कसरीनं खाल्ले आहेत. कुणाची चोच गेली आहे, कुणाचा पंख. ते पुन्हा धाग्यात आणायचे, पण जुन्याला न दुखवता. शिवणाच्या सिस्टर आपल्या हातावर पट्टी मारायच्या ना, ती पट्टी आता कामाला येते आहे.

घरात इंटरनेट नाही. मोबाइलवर जेमतेम येतं, तेही खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर. तुझा चेहरा ठिगळांचा दिसतो आणि मग थिजतो. तू जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेली. नुसत्या खरखरीवरून कुठल्या गावची लाइन आहे ते सांगायचीस. तू म्हणतेस दोष माझ्या बाजूचा, म्हणजे तो माझ्याच बाजूचा. तेव्हा मी ठरवलं आहे, इथे मिळतं ते सगळ्यांत वेगवान इंटरनेट घ्यायचं. मग बघू कसं तुटतं ते.

एकच विचारते. तू रागावली नाहीस ना, मी तुला एकटीला सोडून आले म्हणून? आधी तासन्‌तास बोलायचो. आता दोन वाक्यांत ठेवतेस.

तुझी,
ताई

२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत नाही, तू म्हातारी झाल्यासारखी चिडतेस.

रागावू कशाला? मीच तुला ढकलून विमानात बसवलं. खरंच लाइन खराब आहे गं. मधेमधे तुझं बोलणं असं येतं की जणू तू उशीत तोंड खुपसून बोलते आहेस. हा तुझ्याच बाजूचा दोष. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीवर विश्वास ठेव.

इकडे सगळं ठीक आहे. आपल्या गल्लीत मात्र अलीकडे फार शांत झालंय. समोरचे नवरा-बायको भांडायचे थांबले, तुला खरं वाटणार नाही. गच्चीत उभे राहून हात हलवत असतात, पण आता बहुतेक प्रेमानंच बोलत असावेत. पहाटे ओरडून उठवणारे ते कर्कश पक्षी होते ना, ते दुसरीकडे गेले वाटतं. मी आता उशिरापर्यंत झोपते. दुपारी खिडकीत बसलं की सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. झाड हलतं, सायकली जातात, शाळेतून सुटलेली मुलं तोंडं उघडून पळत येतात आणि आपल्याच नादात निघून जातात. मला ते बघत बसायला आवडायला लागलंय. चहा गार होतो.

तुझ्या पडद्यावरच्या पक्ष्यांबद्दल अजून लिही. रंग कुठले, माना कुठे वळलेल्या, सगळं.

आणि लाइन नीट होईपर्यंत फोन करू नकोस. उगाच पैसे जातात आणि जीव टांगणीला लागतो. पत्रच लिही. पत्र तुटत नाही.

तुझी,
बारकी

१८ मार्च

प्रिय बारके,

तुझं पत्र मी जेवतानाही वाचलं. त्या शांत गल्लीचा मला हेवाच वाटला.

तुझं वाचून मला बोर्डिंगातली रविवारची दुपार आठवली. जेवण झालं की सक्तीची विश्रांती. पांढऱ्या चादरी, पांढरे पडदे, आणि मदर किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून फिरायच्या, वाजू नये म्हणून. कुणी शब्द काढायचा नाही. तुझी खाट माझ्या समोरच्या रांगेत. मदरची पाठ वळली की तू नुसते ओठ हलवून विचारायचीस, "झोपलीस?" आणि मीही नुसत्या ओठांनी म्हणायचे, "हो." मग तू चादर तोंडात कोंबून हसायचीस. दर रविवारी तोच विनोद, आणि दर रविवारी तेवढंच हसू. पुढे पुढे तर आपण सगळ्या गप्पाच तशा मारायचो. तू तर मदर आणि सिस्टर लांब बागेत काय बोलतात तेही ओठांवरून सांगायचीस. एकदा शिक्षा कुणाला होणार ते आधीच कळलं आणि ती तुलाच झाली.

आता माझ्या लढाईचं ऐक. इंटरनेटच्या कंपनीत गेले. तिथला तरुण फार गोड बोलला. म्हणाला, जोडणीसाठी इथल्या बँकेत खातं लागेल. बँकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, खात्यासाठी पत्त्याचा पुरावा लागेल, घरच्या इंटरनेटचं बिल असलं तरी चालेल. मी म्हटलं, बाई, मी त्यासाठीच तर आले आहे! त्याही हसल्या, मीही हसले, आणि हात हलवत घरी आले. शेवटी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी पत्र दिलं तेव्हा गाडी रुळावर आली.

तर आता घरमालकीणबाई आडव्या आल्या. केबल भिंतीला भोक पाडून आत घ्यावी लागते आणि ती नेमकी वेलीच्या मागून येणार. वेल त्यांच्या नवऱ्यानं लावलेली. ते गेले. बाई म्हणाल्या, "माझ्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही." दार लावून घेतलं, पण जोरात नाही, हळूच. मला जोरात लावलेलं परवडलं असतं.

पडद्यावरच्या एका निळ्या पक्ष्याची मान मागे वळलेली आहे. कुणीतरी हाक मारली म्हणून वळल्यासारखी. पण ज्यानं हाक मारली असेल तो पक्षी कसरीनं पुरता खाल्ला आहे. नुसती रिकामी जागा आहे.

तुझी,
ताई

८ एप्रिल

प्रिय ताई,

झोपलीस? हो! वाचता वाचता एवढी हसले की शेजारच्या वहिनी बघायला आल्या.

वहिनी अधूनमधून येतात. परवा म्हणाल्या, तुमचा टीव्ही आमच्या घरात ऐकू येतो. मी म्हटलं, मग तुम्हाला वेगळा घ्यायला नको, बरंच झालं की. वहिनींना सगळंच मोठं वाटतं. त्यांचा आवाज मात्र हल्ली पार बसलाय, पुटपुटतात नुसत्या. औषध घ्या म्हणून सांगितलं तर माझ्याकडे विचित्र बघायला लागल्या.

ताई, मला वाटतं तू या इंटरनेटच्या मागे फार लागू नयेस. एवढ्या वेगाचं आपल्याला काय करायचंय? कुठे पळायचंय? बिचाऱ्या बाईंची भिंत राहू दे. आपली पत्रं बरी चालली आहेत. तू लिहितेस तेव्हा मला तुझा आवाज अगदी स्वच्छ येतो, शब्द न्‌ शब्द. फोनवर कधी आला नव्हता एवढा.

त्या रिकाम्या जागेत पक्षी भरणार का? की रिकामीच ठेवायची?

तुझी,
बारकी

३० एप्रिल

प्रिय बारके,

भोकाला परवानगी मिळाली!

झालं असं. बाई जिन्यात भेटल्या. अंगात पुरुषी लोकरीचा स्वेटर, कोपरावर मोठं भोक. नवऱ्याचाच असणार. मी न विचारता म्हटलं, द्या मला, सकाळी आणून देते. त्यांनी आधी घट्ट धरून ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, काढून दिला. मी त्याच स्वेटरच्या आतल्या शिवणीतून लोकर काढून रफू केलं. सकाळी त्या खिडकीशी नेऊन कोपर उजेडात फिरवत राहिल्या. भोक कुठे होतं तेच सापडेना. तेव्हा मी शिवणाच्या सिस्टरचं वाक्य त्यांना सांगितलं, भोकाची लाज वाटू नये, वाईट टाक्याची वाटावी. भिंतीचं भोकही मी तसंच बुजवून देईन म्हटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वेल मी धरते. जोडणीवाल्यांना सांगा, तोडायची नाही."

आणि काल जोडणीवाला आला तेव्हा त्या खरोखर शिडीखाली उभ्या राहून दोन्ही हातांनी वेल बाजूला धरून होत्या, एखाद्या लेकीचे केस धरावे तशा. वेलीला आता पोपटी कोंब फुटले आहेत. जोडणीवाल्यानं मला ती तार दाखवली. बारके, ती काचेची असते! केसाएवढी. आतून उजेड धावतो, आणि आपलं बोलणं, आपले चेहरे, सगळं त्या उजेडातून जातं. मी जन्मभर रेशमाचे, लोकरीचे धागे हाताळले. काचेचा पहिल्यांदाच पाहिला. येत्या आठवड्यात लाइन सुरू होईल.

आता मनातलं बोलते. तुझं मागचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला माझ्याशी बोलायचंच नाही का? मी भिंती फोडते आहे आणि तू म्हणतेस राहू दे. राग असेल तर तसं सांग, भांड माझ्याशी. प्रमुख बाईंनी विचारलं आहे, आणखी एक वर्ष थांबाल का, पडदा पूर्ण होईपर्यंत. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय देणार नाही.

तुझी,
ताई

१६ मे

प्रिय ताई,

मी मजेत आहे. तूही मजेत असशील. एक वर्ष थांब. पडदा पूर्ण कर.

तुझी,
बारकी

३ जून

बारके,

तुझं दोन ओळींचं पत्र आलं आणि मला धस्स झालं. लहानपणी तुला ताप आला होता आणि तू लपवला होतास, तेव्हाही घरी असंच पत्र गेलं होतं. मी मजेत आहे. म्हणून तू नको म्हणत असताना मी रविवारी फोन लावला.

काय सांगू तुला! मी तर बघतच राहिले. तू ठिगळांची नव्हतीस. अख्खी होतीस. कानामागे सारलेली बट, चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा, मागे खिडकीत हलणारं झाड, त्याची पानं वेगवेगळी. वाटलं, मधे नुसती काच आहे आणि हात लावला तर ती धुक्यासारखी विरेल. मी बोलायला लागले. तू हसत होतीस, "हो हो" म्हणत होतीस. मी विचारलं, जेवलीस का, तू म्हणालीस हो. मी विचारलं, काय जेवलीस, तू म्हणालीस हो.

आणि मग तुझ्या दाराची घंटा वाजली.

मी ऐकली, बारके. एवढ्या लांबून, समुद्र ओलांडून, आपल्या दाराची ती जुनी घंटा, शेवटी घसा बसल्यासारखी होणारी. मला आधी इतका आनंद झाला! वाटलं, मी घरातच आहे. ती पुन्हा वाजली. मग कुणीतरी बोट ठेवूनच दिलं. तू माझ्याकडे बघून हसतच होतीस. मी म्हटलं, अगं दार. दार, बारके, दार! मागे वहिनी हाका मारत होत्या, त्यांचा आवाज मुळीच बसलेला नाही. आणि तू म्हणालीस, "ताई, तुझ्याच बाजूनं तुटतंय." मग एकदम पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघितलंस, आणि बंद केलंस.

तुटत नव्हतं. एक अक्षर तुटत नव्हतं.

मी इतके महिने इथे भिंत फोडत बसले आणि तू तिकडे पाण्याखाली बसली होतीस. तो शांत रस्ता, ते गेलेले पक्षी, ते प्रेमानं बोलणारे नवरा-बायको. मी वाचलं आणि मला हेवा वाटला! उद्या प्रमुख बाईंना सांगते की मी जाते आहे. पडदा दुसरं कुणीतरी पूर्ण करेल.

ताई

२२ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र यायच्या आधीच मी लिहायला बसणार होते, पण शब्द जुळेनात. आता लिहिते. आधी हे वाच आणि मग बॅग भरायची का ते ठरव.

हो. कान गेले. एकदम नाही गेले, संध्याकाळ होते तसे गेले. कधी अंधारलं ते कळलं नाही. तू जाण्याआधीच सुरुवात झाली होती. घरात असताना तू समोर असायचीस, तुझं तोंड दिसायचं, निभावून जायचं. फोनवर तोंड दिसेना. व्हिडिओवर दिसायचं ते ठिगळांचं, आवाजाच्या मागून धापा टाकत येणारं. मग सोपी पळवाट सापडली. एक्स्चेंजची बाई लाइन खराब म्हणाली की कोण वाद घालणार?

तुला का सांगितलं नाही? कारण तू आत्ता जे करते आहेस तेच करशील हे मला माहीत होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुला असंच परदेशातल्या कामाचं बोलावणं पत्रानं आलं होतं. तू ते आईच्या उशीखाली ठेवलंस आणि पुन्हा काढलं नाहीस. परत कुणी बोलवेल असं वाटलं नव्हतं. या वयात बोलावलं. आणि मी म्हणू, ताई, ये परत, मला दाराची घंटा ऐकू येत नाही? माझी जीभ झडली असती.

आता त्या रविवारचं ऐक. मी घाबरून फोन बंद केला हे खरं. पण का घाबरले ते तुला कळलेलं नाही. तू ओरडत होतीस आणि मला नेहमीसारखंच काही येत नव्हतं. मग तुझे ओठ दिसले. स्वच्छ. दातांची फट, कोपऱ्यातली घडी, सगळं. आणि त्यांवर लिहिलेलं होतं: दार. बारके, दार. मला ऐकू आलं नाही, ताई. दिसलं. इतक्या महिन्यांनी तू बोललेला पहिला शब्द माझ्यापर्यंत पोचला. त्यालाच घाबरले, फोन बंद केला आणि दाराकडे धावले. दार उघडलं तर वहिनी दारात लालबुंद! मी त्यांना मिठीच मारली. त्यांना वाटलं मला भोवळ आली.

म्हणजे तुझी भिंत फुकट नाही गेली. त्या काचेच्या धाग्यावरून तुझे ओठ येतात. मला तेवढे पुरतात. मी मदरच्या बागेतली माणसं वाचलेली आहेत, विसरलीस का?

वहिनींबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र मिळणार आहे, सवय व्हायला वेळ लागेल म्हणाले. घंटेच्या जागी वहिनींच्या भावानं दिवा बसवून दिला. कुणी बटण दाबलं की घरभर उजेड लुकलुकतो. आता सांग, मी एकटी पडले आहे का?

पडदा दुसरं कुणीतरी पूर्ण करेल, असं पुन्हा लिहू नकोस. त्या निळ्या पक्ष्याला कुणी हाक मारली ते मला बघायचंय.

रविवारी दुपारी, जेवणानंतर. उजेडाकडे तोंड करून बस आणि भरभर बोलू नकोस.

तुझी,
बारकी

१४ जुलै

प्रिय बारके,

आत्ताच तुझ्याशी बोलून उठले आहे. आता पत्र कशाला, म्हणशील. सवय. मदरनं लावलेली सवय कुठे सुटते?

मी प्रमुख बाईंना सांगितलं, थांबते. पण एका अटीवर. रविवारची दुपार माझी, कुणी मागायची नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. आणि त्या रिकाम्या जागेबद्दल आमचं ठरलं. नवा पक्षी भरायचा नाही. ज्या कापडावर तो होता तेवढं फक्त धरून ठेवायचं, सुटू द्यायचं नाही. निळ्याची मान वळलेलीच राहील. त्याला दिसत असेल काहीतरी.

आज बोलता बोलता तू मधेच म्हणालीस, आवाज काढू नकोस, तू ओरडायला लागलीस की तोंड वेडंवाकडं होतं. मग मी माझा आवाज बंद केला आणि मला एकदम फार हलकं वाटलं. तुझ्यामागे पांढरा पडदा वाऱ्यानं आत यायचा आणि मागे जायचा. माझ्या खिडकीवर वेलीची पानं आता इतकी दाट झाली आहेत की खोलीभर हिरवा उजेड असतो. आपल्या दोघींच्या मधे कुठेही आवाज नव्हता. तू शेजारच्या वहिनींची नक्कल केलीस, मी स्वेटरची गोष्ट पुन्हा सांगितली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

मधे घरमालकीणबाई चहा घेऊन वर आल्या. बघतात तर मी फोनसमोर बसून नुसतं तोंड हलवते आहे आणि डोळ्यांतून पाणी काढून हसते आहे. घाबरून म्हणाल्या, "आवाज येत नाहीये का? कंपनीला फोन करू?" मी मान हलवली. त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या, थोडा वेळ तुझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनीही तुला नुसत्या ओठांनी नमस्कार केला. तू उत्तर दिलंस ते त्यांना कळलं. भाषा येत नसून कळलं.

त्या गेल्यावर तू उशीवर डोकं टेकलंस. फोन उशाशी उभा करून ठेवलास. मीही इथे खाटेवर आडवी झाले. तुझे डोळे मिटायला लागले होते. मला वाटलं, आता बंद करावं. पण बोट पुढे जाईना.

मग मी मागे वळून पाहिलं, मदर नाहीत ना, आणि ओठ हलवले.

"झोपलीस?"

तू डोळे न उघडता वाट बघत होतीस की काय कोण जाणे. एक डोळा किलकिला केलास.

"हो."

तुझी,
ताई